सतरा नंबरची काजळी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्याजवळच्या सूसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर मी बोलायला लागले, की खालच्या मेडिकलवाल्याला समजतं आज कुणाचं काय चुकलंय. त्या बुधवारी मी उज्वलावर जी ओरडले, ती म्हणे पार चौकापर्यंत ऐकू गेली. आणि ते सगळं ओरडणं फुकट गेलं, कारण चुकले होते मी. ते कसं, हे सांगताना मला अजूनही बसवत नाही. उभं राहून हातवारे करत सांगावं असं वाटतं.

उज्वला शेंडगे जवळच्याच भरे गावची. धनगराची लेक, वय सत्तावीस, बारावी झालेली. तिचे वडील धुळाआबा आणि आई तुकाबाई अजून पंचवीस-तीस मेंढरं राखतात. उज्वला दोन वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथं बारा तास उभं राहून पायाला सूज यायची, म्हणून ती माझ्याकडे आली. मुलाखतीत मी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" ती म्हणाली, "येत न्हाई. पन डोळं चांगलं हायेत." हे उत्तर मला इतकं आवडलं, की पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

आमचं काम म्हणजे डोळ्यांचंच. लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ आमचा माणूस, अमोघ, पाण्यात उतरून प्रवाळांचे फोटो काढतो. इकडे सूसला बसून आम्ही आठजणी प्रत्येक फोटोला नाव देतो: हे प्रवाळ निरोगी, याला अमका रोग, त्याला तमका. त्यावरून पुढे कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवायचं. माझे वडील जयसिंगराव सगळ्यांना सांगत फिरतात, "आमच्या आरोहीनं डोंगरात समुद्राचं दुकान टाकलंय." दुकान तर दुकान. भाडं मात्र ते माझ्याकडूनही घेतात.

पहिल्या दिवशी मी उज्वलाला समजावलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. ती लगेच म्हणाली, "म्हंजी हा बी कळपच की!" मग मी एक पांढराफटक फोटो दाखवला आणि विचारलं, "हे मेलंय का?" ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. "न्हाई. ह्याची लोकर कातरलीय. आत अंग हाय."

मी उडालेच. पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं रंगीत शेवाळ निघून जातं. प्राणी जिवंतच असतो, नुसता पारदर्शक होतो आणि आतला पांढरा चुना दिसतो. शिकलेली माणसं हे आणि मरण यांत वर्षभर घोटाळा करतात. हिनं कातरलेली मेंढी आठवून पहिल्याच दिवशी ओळखलं.

बाकीचे प्रकारही ती चुटकीसरशी शिकली. काळ्या पट्टीचा रोग असेल तर जिवंत भाग आणि मेलेला भाग यांच्या मधोमध काळा पट्टा असतो आणि तो रोज थोडा पुढे सरकतो. गुलाबी सूज वेगळी, गाठी वेगळ्या. माशानं चावलं असेल तर चुन्याचाही तुकडा उडालेला असतो. सगळ्यात अवघड म्हणजे पांढरा रोग. त्यात मांस निघून जातं, चुना जसाच्या तसा राहतो, कडेला पांढरी पट्टी दिसते आणि तिच्या मागे जुन्या मेलेल्या भागावर हिरवं शेवाळ चढत जातं. अवघड अशासाठी, की एक बारीकशी गोगलगायही प्रवाळाचं मांस असंच चाटून खाते आणि चुना तसाच ठेवते. एका फोटोवरून रोग कुठला आणि गोगलगाय कुठली, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

आता त्या बुधवारचं सांगते. अमोघनं चाळीस प्रवाळांना नंबर लावले होते आणि दर तीन दिवसांनी त्या सगळ्यांचे फोटो काढले होते. दोन महिन्यांत आठशे फोटो झाले. आम्ही ते पत्त्यांसारखे पिसले, जुने नंबर झाकले आणि मग आठहीजणींना तेच आठशे फोटो बघायला दिले. हा आमचा कडक नियम. आपण बघतोय ते कुठलं प्रवाळ, कुठल्या दिवसाचं, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. नाहीतर कालचं उत्तर आज डोळ्यांसमोर येतं आणि मन त्याच वाटेनं जातं.

बाकीच्यांच्या उत्तरांवरून निकाल वाईट आला होता. चाळीसपैकी एकतीस प्रवाळांना पांढरा रोग. असा रोग पसरत गेला तर अख्खा पट्टा साफ होईल, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, की शुक्रवारी सकाळी होडी न्यायची, छिन्नी-हातोड्यानं ती एकतीस प्रवाळं फोडून काढायची आणि दूर नेऊन टाकायची. निदान शेजारची तरी वाचतील. परवानगी मिळाली होती, होडी ठरली होती. त्यातली काही प्रवाळं माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. पण शेवटचा होकार माझाच होता.

आणि बुधवारी दुपारी मी उज्वलाची उत्तरं उघडली, तर तिनं जागोजागी यादीत नसलेलाच शब्द टाकलेला: "खाल्लंय. खाल्लंय. खाल्लंय."

मी तिच्या टेबलापाशी गेले. तिथं एक वही होती. शाळेची, दोनशे पानी. पानोपानी पेन्सिलनं प्रवाळांची चित्रं काढलेली, एकाच प्रवाळाची वीस-वीस, ओळीनं, तारखेच्या क्रमानं. पांढरा भाग कोरा सोडलेला आणि जिवंत भाग गिरवलेला.

"हे काय आहे?"

"त्यांची त्यांची लाइन लावली, ताई."

"तुला कसं कळलं कुठला फोटो कुणाचा? नंबर तर झाकलेत!"

"तोंडावरनं." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मेंढरांला काय नंबर असत्यात का? हिची एक फांदी मोडकी हाय, हिच्या बुडाला भोक हाय, ही जरा तिरकी बसती. आन् मागचं शेवाळ जसं वाडत जातं, तसा दिवस कळतो. पयल्या आठवड्यातच समदी वळखायला लागले मी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन महिन्यांची मेहनत, झाकलेले नंबर, पिसलेले फोटो, सगळ्याची माती! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. "तुला नियम सांगितला होता की नव्हता?" इथून सुरुवात झाली आणि "उद्यापासून येऊ नकोस" इथपर्यंत मी पोचले. बाकीच्या सहाजणी स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसल्या.

उज्वला रडली नाही. ओढणी सारखी केली, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "जाते. पन ताई, ती शुक्रवारी फोडू नका. रोग न्हाई तो. रोग उडी मारत न्हाई. रोग कडंकडंनं चालतो. उडी मारतो तो खानारा."

मी तिला आणखी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझं लक्ष वहीच्या उघड्या पानावर गेलं.

पान नऊ नंबरच्या प्रवाळाचं होतं; हे नंबर मी नंतर मूळ यादीवरून लावले. पहिल्या चित्रात डाव्या फांदीवर कोरा डाग. तीन दिवसांनी तो डाग तेवढाच, त्याची कड जागच्या जागी. पण दुसरा डाग उजव्या टोकाला आणि मधला सगळा भाग धडधाकट. आणखी तीन दिवसांनी तिसरा डाग, मध्येच कुठंतरी. मी पान उलटलं. बावीस नंबर. तिथं पांढरी कड एका बाजूनं निघाली होती आणि वीसच्या वीस चित्रांत सारख्या चालीनं पुढे सरकत गेली होती, मध्ये काहीही न सोडता. ही दोन पानं शेजारी ठेवली तर शाळकरी पोरालाही फरक सांगता आला असता. पिसलेल्या फोटोंत मात्र तो कुणालाच दिसला नसता, कारण फोटो पिसून आम्ही चालच पुसून टाकली होती. चोख नियम पाळून आम्ही स्वतःचेच डोळे बांधले होते!

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "किल्ली ठेव खाली."

"का?"

"ठेव म्हटलं ना! बस इथं. एकेक पान दाखव मला."

पुढचे दोन तास आम्ही दोघी वहीवर वाकलो होतो. मध्येच मी "अगं बाई!" म्हणून किंचाळायचे आणि बाकीच्या सहाजणी दचकायच्या. एकतीसपैकी सव्वीस प्रवाळांवरचे डाग उड्या मारणारे होते. चारांचे कडेकडेनं चालणारे. ते चार उज्वलानं स्वतःहून बाजूला काढले. "ह्यांचं मातुर खरं हाय. ह्यांला रोगच हाय. ही काडाच."

राहिलं एक. सतरा नंबर. हे प्रवाळ परातीसारखं पसरलेलं होतं आणि त्याच्या फांद्यांच्या टोकांना गडद जांभळी कड होती. त्या पानाच्या डोक्यावर चक्क नाव लिहिलेलं दिसलं: काजळी.

"ही काजळी कोण?"

उज्वलानं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिची एक मेंढी होती, डोळ्यांभोवती काळी कड असलेली. तिनं हातानं वाढवलेली. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आबांच्या मेंढरांच्या तोंडावर आणि कासेवर फोड आले. आबांना वाटलं देवी आली. मेंढरांच्या देवीचा रोग एका कळपातून दुसऱ्यात झपाट्यानं जातो. चार भावांचे कळप शेजारी बसलेले होते. आबांनी मन घट्ट केलं आणि दुसऱ्यांची मेंढरं वाचावीत म्हणून आपला सगळा कळप खाटकाला देऊन टाकला. काजळीसकट. आठ दिवसांनी तेच फोड चुलत्याच्या मेंढरांना आले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं फोड दाबून आतून काटा काढून दाखवला. डोंगरावरच्या वाळलेल्या गवताचं कुसळ होतं ते. देवी नव्हतीच.

"त्या सालापासनं आबा फोडाभवती गेरूची रेघ वडत्यात," उज्वला म्हणाली. "सकाळी फोड रेघंच्या भायेर गेला तर रोग. रेघंत ऱ्हायला तर काटा बगायचा. समदं घर इचारतं आदी, रेघ वडली का? मंग बाकीचं."

मला तिच्याकडे बघवेना. अशा बाईला मी नियम शिकवत होते!

"मग या काजळीचं काय? ही कुठल्या बाजूची?"

आता ती "माझ्या बाजूची" असं म्हणू शकली असती. मी त्या क्षणी तिच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला असता. पण ती चित्रांवरून बोट फिरवत राहिली. "म्हायती न्हाई, ताई. हिच्यात डाग उड्या बी मारत्यात आन् एक कड चालती बी हाय. रोगट मेंढराला माश्या बी लई बसत्यात. तसं आसंल. नुसत्या फोटोवरनं मी सांगनार न्हाई."

मला ती तेव्हा एकदम मोठी वाटली, माझ्यापेक्षा कितीतरी मोठी.

मी अमोघला फोन लावला. तो पुण्याचा, स्वभावानं शांत, पण छिन्न्या मोजून ठेवलेल्या माणसाला ऐन वेळी थांबवणं सोपं नसतं. "आरोही, मी तिथं दोन महिने उतरतोय," तो म्हणाला. "मला एकही गोगलगाय दिसलेली नाही."

मी फोन उज्वलाकडे दिला.

"दादा, तुमी वरनं बगता ना?" ती म्हणाली. "वरनं नगा बगू. जितं डाग ताजा पांढरा हाय, तिथनं फांदीच्या बुडाला जा. सावलीच्या बाजूला, खालनं हात घाला. दिवसा खानारा उगड्यावर बसत न्हाई."

अमोघनं तिला फांदीची बाजू पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "शुक्रवारी आधी ते बघतो. सापडल्या नाहीत तर मात्र छिन्नी."

शुक्रवारी सकाळी उज्वला आठलाच हजर. डबा उघडला नाही, पाणी प्यायली नाही. काम कुणाचंच होत नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. मी ऑफिसात इतक्या फेऱ्या मारल्या, की खालच्या मजल्यावरून वडील वर आले आणि फरशी झिजेल म्हणून सांगून गेले. साडेबाराला फोन वाजला आणि अमोघ, तो शांत स्वभावाचा अमोघ, चक्क ओरडत होता.

"मूठ भरली! पहिल्याच प्रवाळाखाली मूठ भरली! सुपारीएवढ्या आहेत, वर गुलाबी कवच चढलंय, दगडात दगड होऊन बसल्यात. मी दोन महिने त्यांच्या डोक्यावरून पोहतोय!"

आम्ही आठहीजणींनी जो गलका केला, तो खरोखरच चौकात गेला असणार. कुणी उज्वलाच्या पाठीत गुद्दा घातला, कुणी तिला मिठी मारली. सव्वीसच्या सव्वीस प्रवाळांखाली गोगलगायी निघाल्या. चिमट्यानं वेचून बादलीत टाकल्या की झालं, प्रवाळ फोडायची गरजच नाही! त्या चार प्रवाळांखाली एकही सापडली नाही. ती चार मात्र वहीत लिहिल्याप्रमाणे काढावी लागली.

"आन् सतरा?" गलक्यात उज्वलानं विचारलं.

"सतराखाली नऊ गोगलगायी होत्या," अमोघ म्हणाला. "काढल्या. पण त्या जखमेवर आल्या की जखम त्यांनीच केली, ते मला सांगता येत नाही. काय करू? होडी इथंच आहे, छिन्नीही आहे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उज्वलाकडे बघितलं.

"दादा, रेघ वडा," ती म्हणाली.

पाण्यात गेरू चालत नाही. पण अमोघकडे लाल प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या होत्या, वायरी बांधायच्या. पांढऱ्या कडेवर बरोब्बर तीन ठिकाणी त्यानं फांद्यांना त्या बांधल्या. गोगलगायी तर आता नाहीतच. तीन दिवसांत पांढरा भाग लाल पट्टीच्या पलीकडे गेला तर तो रोग, आणि मग सोमवारी काजळी फोडायची. नाही गेला तर नाही.

ते तीन दिवस मला मुळीच आवडले नाहीत. मी प्रवाळावर प्रबंध लिहिलाय, पण एका प्रवाळासाठी देवापुढे हात जोडलेले मला आठवत नाहीत. त्या रविवारी जोडले, लपून.

सोमवारी उज्वला एकटी आली नाही. तिच्या मागून धुळाआबा जिना चढत होते. काठी त्यांनी दाराशी टेकवली, वहाणा बाहेर काढल्या आणि थंडगार फरशीवर जपून पाय टाकत आत आले.

"लेक तीन दिस जेवती न्हाई धड," मला म्हणाले. "म्हनलं बगावं तरी, समुद्रातलं कुनाचं जनावर हाय ते."

मी त्यांना उज्वलाच्या खुर्चीत बसवलं. आबांसाठी चहा मागवला, तो तसाच निवत राहिला. अकराला अमोघचा फोटो आला. मी माउसवर हात ठेवला आणि उज्वला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आबा, तुमी बगा," ती म्हणाली. "मला न्हाई बगवत."

मी फोटो उघडला. आबा पुढे वाकले. मीही बघत होते, पण मी तोंड मिटून धरलं, कारण हे सांगायचा मान माझा नव्हता. आबांनी आधी सगळं प्रवाळ नजरेखाली घातलं. मग पहिल्या लाल पट्टीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी थांबले. मग परत पहिल्यावर आले.

"पांढरं रेघंच्या आतच हाय," ते म्हणाले. "तिनी जागी. भायेर अंग चांगलं हाय. ह्याला रोग न्हाई."

उज्वला भिंतीला टेकून खालीच बसली. मी "जिवंत! जिवंत!" म्हणून ओरडले, अमोघला फोनवर ओरडून सांगितलं, छिन्नी समुद्रात फेकून दे म्हणाले, आणि वर बायकांचा कल्ला. मी नाचले असं त्या सांगतात. मी नाकारत नाही.

आबा मात्र अजून स्क्रीनकडेच बघत होते. फोटोच्या खालच्या चौकटीत उज्वलानं सकाळीच नाव टाइप करून ठेवलं होतं. त्यांनी अक्षर अक्षर लावत ते वाचलं. का-ज-ळी. त्यांचं बोट तिथंच थांबलं.

मी नाचायची थांबले.

"तवा बी रेघ वडाया पायजे हुती, पोरी," आबा म्हणाले. "वडली न्हाई मी."

उज्वला उठली आणि त्यांच्या खुर्चीपाशी आली. "आज वडली की, आबा. तुमीच शिकवलीसा ना."

आबांनी मान हलवली आणि डोळे पुसायला उपरणं शोधू लागले. आणि मी, जिचा आवाज चौकात जातो ती मी, एक शब्द न बोलता त्यांचा निवलेला चहा गरम करायला आत गेले.